एक धडधाकट आजारपण

नाना कुणा आजाऱ्याला भेटायला निघाले, की धुळे कोर्टाच्या बार रूममध्ये कुणीतरी पेपरातून डोकं न काढता म्हणायचं, "चला, त्याचं उरकलं." नानांना ते ऐकू जायचं. पण एका हातात केळ्यांची फणी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले कोरे फुलस्केप कागद असा माणूस उत्तर द्यायला थांबत नाही. काळा कोट खांद्यावर टाकलेला असायचा. तो ते कोर्टाच्या पायरीवर चढवायचे आणि त्याच पायरीवर उतरवायचे. कोट अंगावर ठेवून घरी गेलं तर माणूस बायकोचीही उलटतपासणी घेतो, असं त्यांचं म्हणणं.

नाना माझे सिनियर. मी त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली, की पक्षकार मला त्यांचा मुलगा समजायचे आणि मी दुरुस्त करत नसे. मी बऱ्याच गोष्टी दुरुस्त करत नाही. हा माझा स्वभाव आहे, आणि हे लिहायला घेतलं तेही त्याच स्वभावामुळे.

नानांचं काम सगळं दिवाणी. वाटप, घरं, बांध, विहिरीतला हिस्सा. भाऊ भावाविरुद्ध, बहीण भावाविरुद्ध, आणि मेलेला माणूस मधे फोटोत. हे बघून बघून त्यांचं एकच मत पक्कं झालं होतं. कोर्टात ते शुद्ध मराठी बोलायचे, पण हे मत मात्र अहिराणीतच सांगायचे: "बठ्ठा लोके मरतस, पन कागद करीसन कोनीच मरत नही." कागद म्हणजे मृत्युपत्र. त्याला स्टॅम्प लागत नाही, मुहूर्त लागत नाही. दोन साक्षीदार लागतात आणि माणूस शुद्धीवर लागतो. एवढी स्वस्त गोष्ट लोक करत नाहीत याचा नानांना मनापासून राग होता. म्हणून ओळखीचं-बिनओळखीचं कुणीही आजारी पडलं की नाना दारात. फी घेत नसत. चहाही घेत नसत.

माणूस शुद्धीवर आहे की नाही हे ठरवायची त्यांची स्वतःची पद्धत होती. आजाऱ्याच्या हातात केळं द्यायचं आणि विचारायचं, "काय भाव असेल हो सध्या?" खानदेशात केळ्याचा भाव सांगता येत नाही असा शहाणा माणूस नाही. शिंदखेड्याचे एक आबा नाकात नळी घेऊन पडले होते. त्यांनी भाव सांगितला, व्यापाऱ्यांना दोन शिव्या घातल्या, मग नानांकडे बघून म्हणाले, "तुले फसाडं रे, वकील. हाऊ माल शिळा शे." नानांनी तिथल्या तिथे कागद उलगडले. उलट एक निवृत्त अधिकारी होते, ठणठणीत बोलणारे, फक्त पाय मोडलेला. ते म्हणाले, भाव कितीही असू द्या, आम्ही कधी विचारत नाही. नाना उठलेच. बाहेर आल्यावर म्हणाले, ज्याला भावाचं काही वाटत नाही त्याच्या डोक्याची हमी मी देणार नाही.

अशा माणसाशी मी दोन वर्षं खोटं बोललो. कारण होतं एलएल.एम.

चाळिशी आली तेव्हा मला कळून चुकलं होतं की कोर्टात माझा आवाज फुटत नाही. मुद्दा माहीत असायचा, केस लॉ पाठ असायचा, पण समोरचा वकील उठला की माझं वाक्य घशात बसायचं. वाटलं, शिकवताना फुटेल. एलएल.एम. केलं तर कुठेतरी लॉ कॉलेजात तासिका मिळतील. आणि नानांचं एलएल.एम.बद्दलचं मत साऱ्या कोर्टाला ठाऊक होतं: वकिलानं एलएल.एम. करणं म्हणजे आचाऱ्यानं पोटाचं ऑपरेशन शिकणं, जेवण त्यानं सुधारत नाही. खरी गोष्ट वेगळी होती. त्यांच्या आधीच्या दोन ज्युनियरनी एलएल.एम. केलं आणि दोघंही गेले. एक प्राध्यापक झाला, एक न्यायाधीश. त्यातला न्यायाधीश पुढे फिरून धुळ्यालाच आला. ज्याला टाचणी कुठे लावायची हे आपण शिकवलं, त्याच्यापुढे नाना मान लववून "साहेब" म्हणायचे, आणि त्या दिवशी दुपारचा डबा तसाच घरी जायचा. तिसरा मी. मला सांगवेना.

म्हणून धुळ्यात चौकशीसुद्धा केली नाही. जळगावला प्रवेश घेतला. माझी सासुरवाडी जळगावातच, पिंप्राळ्याला. सासूबाई एकटी राहायची. मेहुणा सुरतेत कापडाच्या धंद्यात. शुक्रवारी दुपारची बस, शनिवारी तास, रात्री परत. नानांनी विचारलं, दर शुक्रवारी कुठे? मी म्हणालो, सासूबाईंना बरं नसतं.

पहिल्यांदा ते फक्त ब्लडप्रेशर होतं. पण नाना दर सोमवारी आठवणीनं विचारायचे, आणि दर सोमवारी "तसंच आहे" म्हणून भागेना. मग साखर वाढली. पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेला पायाला सूज आली. दुसरीला किडनी. वर्गातली पोरं मला काका म्हणायची. फैजपूरची एक मुलगी मला नोट्स द्यायची आणि विचारायची, काका, तुम्हाला एवढं टेन्शन कशाचं, तुम्ही तर वकीलच आहात. तिला काय सांगणार, की मी इकडे पास होतोय आणि तिकडे एक बाई खंगत चालली आहे, आणि रात्री माझ्या स्वप्नात येऊन तब्येत सांगते.

खरी सासूबाई त्या वयातही शिडी चढून गच्चीवर जायची. पिंप्राळ्यातल्या अर्ध्या गल्लीचे पापड-बिबडे तिच्या देखरेखीखाली व्हायचे. मी आलो की कळण्याची भाकरी, ठेचा, आणि "शिका जावईबापू, शिका" एवढंच. बायकोला एलएल.एम. माहीत होतं. त्यासाठी मी तिच्या आईला आजारी पाडलंय हे माहीत नव्हतं.

शेवटच्या सेमिस्टरला प्रबंध लिहायचा असतो. माझा विषय होता मृत्युपत्राभोवतीची संशयास्पद परिस्थिती. म्हणजे कागद खरा दिसतो, सही खरी असते, पण ज्याला फायदा त्यानंच धावपळ केलेली असते, किंवा करणाऱ्याची अवस्था सांगितली तशी नसते. मग कोर्टानं काय समजायचं? विषय नानांच्या सावलीत सुचलेला. प्रबंध पुरा करायला मला सलग आठवडा हवा होता. मी नानांना म्हणालो, सासूबाई अत्यवस्थ आहेत.

हा शब्द मी उच्चारायला नको होता. नानांचा चेहरा गंभीर झाला, आणि ते आता तिकडेच निघतील हे माझ्या डोक्यात आलंच नाही. माझ्या लग्नाला ते पिंप्राळ्याला येऊन गेलेले. पत्ता त्यांना पाठ.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुढच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो होतो. फाटक वाजलं. अंगणात येऊन बघतो तर नाना. केळी, कागद, खांद्यावर कोट. आणि वर गच्चीवर सासूबाई पदर खोचून ओले बिबडे कापडावर थापत होती. नानांनी मान वर केली.

"अक्का, तब्येत कशी आहे?"

सासूबाईनं खाली बघितलं. आधी नानांकडे, मग अंगणातल्या माझ्याकडे. माझा चेहरा कसा होता मला माहीत नाही. पण त्या बाईनं पन्नास वर्षं माणसं वागवली होती. ती म्हणाली, "आता तुम्ही आले म्हणजे बरी नसणारच." शिडी उतरली, हात धुतले, आत आली आणि खाटेवर आडवी झाली. पांघरूण गळ्यापर्यंत घेतलं. चैत्राच्या उन्हात.

नाना खुर्ची ओढून बसले. केळं दिलं. भाव विचारला. सासूबाईनं केळं सोललं, अर्धं खाल्लं, भाव सांगितला, आणि सावद्याला तिचे भाचे काय भावानं देतात आणि जळगावात काय भावानं मिळतं याचा हिशेब झोपूनच ऐकवला. नाना माझ्याकडे वळले.

"तू बाहेर हो. जावयाचं इथं काम नही."

मी म्हणालो, "नाना, आज नको. त्यांना आराम—"

"आरामच करते आहे मी," सासूबाई म्हणाली. "जा तुम्ही. बिबड्यांवर कावळे बसतील."

मी गच्चीवर गेलो. खाली शेजारचे टेलर चाचा आणि समोरचे निवृत्त मास्तर आत जाताना दिसले. दोन साक्षीदार. मी काठी घेऊन कावळे हाकत होतो आणि माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण पायाखालच्या खोलीत घडत होतं. खोटं आजारपण, ते पसरवणारा जावई, कागद लिहिणारा त्याचाच सिनियर. मी परीक्षक असतो तर एका ओळीत कागद मोडीत काढला असता.

नाना चहा न घेता गेले. मी सासूबाईला विचारलं, काय लिहिलं? ती म्हणाली, "ते माझं आहे." मग पांघरुणाची घडी करता करता म्हणाली, "जावईबापू, पुढच्या खेपेला आजार कोणता ते सांगून ठेवा. मला ऐनवेळी काही सुचेना." तिनं मला एवढ्या टोमण्यावरच सोडलं. लेकीला कधी सांगितलं नाही.

सोमवारपासून नानांनी तिच्या तब्येतीची चौकशी बंद केली. मला नवल वाटलं नाही. कागद झाला की त्यांचा आजाऱ्यातला रस संपायचा, हे सगळ्यांनाच माहीत होतं. तोंडी परीक्षेत मला विचारलं, संशयास्पद परिस्थिती ओळखायची कशी? मी इतकं भरभरून बोललो की बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, प्रत्यक्ष अनुभव दिसतो. मी हो म्हणालो. डिग्री कपाटात ठेवली. आठवड्यातून दोन सकाळी कॉलेजात शिकवायला लागलो, तेही नानांना सांगितलं नाही. आवाज तिथे फुटत होता. त्याचा आनंद कुणाला सांगायची सोय नव्हती.

सासूबाई त्यानंतर काही वर्षांनी गेली. झोपेत, एक दिवसही आजारी न पडता. तेराव्याला नानांनी स्वतःच्या कपाटात ठेवलेला कागद आणून सगळ्यांसमोर वाचला. दागिने सुनेला. घर लेकीला. बस. कशासाठी, का, काही नाही. नाना कागदात कारणं लिहीतच नसत. कारण लिहिलं की त्या कारणाला एक वकील मिळतो, म्हणायचे.

मेहुण्यानं शांतपणे विचारलं की हे केव्हा केलं. नानांनी साल-महिना सांगितला. टेलर चाचा सद्भावानं म्हणाले, हो, सही करायला गेलो तेव्हा अक्का फार सिरीयस होत्या, खाटेवरच होत्या.

"त्याच महिन्यात आईनं मला सुरतेला बिबडे पाठवले होते, चाचा," मेहुणा म्हणाला. "स्वतः केलेले."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी नानांकडे. नाना छताच्या पंख्याकडे बघत होते. त्या वेळी मी तोंड उघडायचं होतं. वाक्य घशापर्यंत आलंही होतं. पण ते बोललो असतो तर नानांपुढे दोन वर्षांचं खोटं उघडं, बायकोपुढे तिची आई मी आजारी पाडली हे उघडं, आणि वर कागदच मोडला तर तिच्या हातून घर जाणार. मी गप्प बसलो. मेहुणा त्याच संध्याकाळी गेला.

त्यानं दावा लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. दाव्याला निदान तारखा असतात. तो फक्त यायचा थांबला. भाऊबीजेला बायको ताट करून बसली. फोन वाजला नाही. तिनं ताटातला दिवा विझू दिला. मग पुढे आखाजी आली. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. बायको पिंप्राळ्याला गेली, कुलूप काढलं, झाडलोट केली आणि दुपारच्या बसनं परत आली. मी विचारलं, का गं? म्हणाली, "तिथे कुणाकडे जायचं होतं? घर माझंच आहे."

घर मिळालं होतं आणि माहेर गेलं होतं. हे मी केलं होतं.

एवढं कळूनही मी आणखी वर्षभर गप्प होतो. पुढची आखाजी तोंडावर आली तेव्हा एकदा कॉलेजात तोच विषय शिकवत होतो. एका मुलानं विचारलं, सर, ज्याच्यावर संशय आहे त्यानंच सगळं सांगून टाकलं तर? मी म्हणालो, तर बहुतेक वेळा संशय उरत नाही. वर्गातून बाहेर येऊन मी मेहुण्याला फोन लावला. म्हणालो, आखाजीला पिंप्राळ्याला ये, मला बोलायचं आहे, मग हवं तर कधी येऊ नकोस. नानांना म्हणालो, माझ्यासोबत चला. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

मेहुणा आला. एकटाच, आणि खुर्चीच्या कडेवर बसला, उठायच्या तयारीत. बायको दाराला टेकून उभी. मी उभा राहून बोललो, कोर्टात उभा राहतो तसा, पण आवाज निघत होता. एलएल.एम., शुक्रवार, ब्लडप्रेशर, किडनी, अत्यवस्थ. नानांना मी फसवून आणलं नव्हतं, पण माझ्या खोट्यामुळे ते आले. कागदात काय आहे ते मला माहीत नव्हतं. आई आजारी नव्हती. एक दिवसही नव्हती.

 मग बायको म्हणाली, "माझ्या आईला किडनी लावलीत तुम्ही?"

मी नानांकडे वळलो. म्हणालो, नाना, माफ करा.

"माले ठाऊक शे," नाना म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"अरे भो, अत्यवस्थ बाई शिडी उतरी राहिनी, मी काय आंधळा शे? अन् आत येऊन बघतो तर टेबलावरच्या लॅपटॉपात तुझा प्रबंध उघडा. एक पान वाचलं. बरं लिहिलंस." मग ते मेहुण्याकडे वळून शुद्ध मराठीत बोलायला लागले, साक्ष दिल्यासारखे. "जन्मभर मी आजाऱ्यांचे कागद केले. आजाऱ्याचा कागद कोर्टात मोडतो. धडधाकट माणूस कागद करत नाही. त्या दिवशी मला आयुष्यात पहिल्यांदा एक धडधाकट आजारी मिळाली. मी सोडतो होय?"

मेहुणा म्हणाला, "पण आईनं मला का वगळलं?"

"ते तू मला विचारलंच नाहीस. आज विचारतोस म्हणून सांगतो. ती म्हणाली, पोराचं बस्तान सुरतेत आहे. घर त्याला दिलं तर तो विकेल, आणि त्याचं चुकणारही नाही. लेकीला दिलं तर ती विकणार नाही. मग आखाजीला दोघांना यायला जागा राहील. वगळलं नाही रे तुला. तुझं येणं राखून ठेवलं."

 मेहुणा खुर्चीत मागे सरकून नीट टेकून बसला तेव्हा मला कळलं की तो आता उठणार नाही. त्यानं डोळे पुसले, मग बहिणीला म्हणाला, "मी विकलं असतं, ताई. गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं."

"मला माहीत आहे," बायको म्हणाली. "आईला पण माहीत होतं."

"आणि जिजाजी," तो माझ्याकडे वळला, "किडनी म्हणजे फारच झालं. साखरेवर भागलं असतं."

बायकोला हसू आवरेना, आणि हसता हसता ती रडायला लागली. तो उठून तिच्याजवळ गेला. मी आणि नाना बाहेर आलो, कारण तिथं जावयाचं काम नव्हतं.

संध्याकाळच्या बसनं आम्ही दोघंच धुळ्याला निघालो. बायको राहिली, भाऊ चार दिवस राहणार होता, वहिनीला आणि पोरांना फोन करून बोलावून घेतलं होतं. खिडकीशी नाना, कोट मांडीवर. मी विचारलं, "नाना, तुम्हाला सगळं माहीत होतं, तर तेराव्यालाच का नाही सांगितलं? दीड वर्ष ही दोघं बोलली नाहीत."

नाना म्हणाले, "सांगितलं असतं. पण तुझं खोटं दारात उभं होतं. माझं खरं आत जाणार कुठून?"

 थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, कॉलेजात किती तास घेतोस. म्हणजे तेही माहीत होतं. मी सांगितलं, आठवड्यातून दोन सकाळी. म्हणाले, तीन घे, कोर्टात तसाही तू काय बोलतोस. एरंडोल गेलं. खिडकीतून गरम वारा येत होता, कुठल्यातरी वस्तीवर बाया आखाजीची गाणी म्हणत होत्या. पारोळ्यापर्यंत मी जागा होतो. पुढचं आठवत नाही. धुळ्याच्या स्टँडवर नानांनी खांद्याला हात लावून उठवलं तेव्हा माझं डोकं त्यांच्या कोटावर होतं, आणि किती तरी वर्षांनी मला सासूबाईच्या आजारपणाचं स्वप्न पडलं नव्हतं.